सारख्या पातळीच्या बाटल्या

ती राहायची त्या इमारतीत तिला सगळे बर्फवाली म्हणायचे. अर्थात तिच्या मागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बर्फाचं काम करणारी बाई एवढी गरम कशी, हा विनोद लिफ्टमध्ये कुणी ना कुणी करायचंच, आणि ती आत शिरली की सगळे आपापल्या चपलांकडे बघत गप्प व्हायचे. तिला वाटायचं, या इमारतीतली माणसं मुळातच अबोल आहेत.

काम मात्र ती जीव ओतून करायची. दूर दक्षिणेला, जिथं बर्फाशिवाय दुसरं काही दिसत नाही अशा पठारावर जाऊन तिनं पुरुषभर खोल खड्डा खणला होता. अशा खड्ड्याच्या भिंतीत वर्षावर्षाचे थर दिसतात. वरचा थर यंदाचा, आणि खाली उतरावं तसतसं आपण मागच्या काळात जातो. प्रत्येक थरातला थोडा बर्फ पिशवीत घ्यायचा, पिशवी बंद ठेवूनच तंबूत वितळवायचा, पाणी बाटलीत ओतून झाकण करकचून आवळायचं आणि बाटल्या गोठवून घरी आणायच्या. वाऱ्यात, जाड हातमोजे घालून, बोटं आपली आहेत की दुसऱ्या कुणाची हेही कळत नसताना हे सगळं करायचं. तिनं ते केलं होतं, आणि केलंय हे ती कुणाला विसरूही देत नव्हती.

त्या पाण्यातून जुनी थंडी कशी मोजतात, हे तिनं वडिलांना एकदा जेवताना समजावलं होतं. पाण्याचे कण सगळे एका वजनाचे नसतात. बहुतेक हलके, थोडेसे जड. ढग ध्रुवाकडे निघाला की वाटेत जड कण आधी टाकत जातो. थंडी जितकी कडक, तितके जड कण वाटेतच गळतात आणि पठारावर पोचणारा बर्फ तितका हलका असतो. म्हणून ज्या थरात जड कण जास्त, ते वर्ष उबदार. वडील घास हातात धरून ऐकत राहिले होते. ते म्हणाले, "म्हणजे वजनकाटाच की!" ती म्हणाली, "बाबा, इतकं सोपं नसतं ते." विषय तिथंच संपला होता.

यंदा त्या वजनकाट्यानं कमाल केली होती. खड्ड्याच्या मधल्या थरांत आलेख एकदम वर उसळला होता. सलग काही वर्षं त्या पठारावर चांगलीच ऊब होती, असं तो सांगत होता. हे आजवर कुणालाच सापडलं नव्हतं. संस्थेचे मोठे सर खूश झाले. मोठ्या परिषदेत बोलायला त्यांनी तिचं नाव देऊन टाकलं. तिनं त्या वर्षांना 'उबदार पट्टा' असं नावही ठेवलं आणि मग ती महिनाभर जमिनीपासून वीतभर वर चालत होती.

गोची झाली ती थरांच्या जाडीमुळे. उबदार हवा ओलावा जास्त आणते, म्हणून उबदार वर्षांत बर्फ जास्त साचायला हवा. तिच्या पट्ट्यातले थर मात्र शेजारच्या थंड वर्षांइतकेच होते, काही तर त्याहूनही बारीक. कण म्हणत होते ऊब होती, साचलेला बर्फ म्हणत होता छे, कसली ऊब. दोघांपैकी एक जण नक्की खोटं बोलत होता. बर्फाची जाडी तिनं स्वतः मोजली होती, तेव्हा खोटेपणाचा मान तिनं कण तोलणाऱ्या यंत्राला देऊन टाकला. यंत्राला म्हणजे ते चालवणाऱ्याला.

यंत्र चालवणाऱ्याला सगळे गुणगुण्या म्हणत, कारण तो दिवसभर काहीतरी गुणगुणत असे. सुराला तो बरा होता. यंत्राच्या घरघरीवर त्याचा आवाज असा काही बसायचा की बोळातून जाणारी माणसं क्षणभर रेंगाळायची. आठवड्याच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, ती त्याला म्हणाली, "आधीच्या नमुन्याचं पाणी नळीत राहतंय. तुम्ही नळी नीट धूत नाही. गाण्यात रमता. इथं काय मैफल चालू आहे का?"

कुणीतरी फिसकन हसलं. गुणगुण्याचे कान लाल झाले.

"नळी धुतो मी, मॅडम," तो म्हणाला. "तरी परत लावून बघतो."

"बघाच. माझं परिषदेतलं भाषण पणाला लागलंय. तुमचं काय जातंय?"

मोठे सर कागद चाळत राहिले. बैठक पुढं सरकली. तिला त्या वेळी काहीसुद्धा वाटलं नाही, हे इथं सांगून ठेवायला हवं.

गुणगुण्यानं सगळ्या बाटल्या पुन्हा लावल्या. नळी पुन्हा पुन्हा धुतली, मधे मधे आकडा आधीच माहीत असलेलं पाणी लावून यंत्र तपासलं. त्यात त्याचा आख्खा आठवडा गेला. शेवटी त्यानं आकडे तिच्या टेबलावर आणून ठेवले.

"तेच आले, मॅडम."

एवढंच बोलून तो गेला. त्या आठवडाभरात यंत्राच्या खोलीतून नुसती घरघर येत होती. तिला वाटलं, चला, निदान शांतता तरी मिळाली.

आकड्यांवर तिचा विश्वास बसेना. बाटल्या आपणच लावून बघू, म्हणून तिनं खोकी मागवून घेतली आणि सगळ्या बाटल्या थरांच्या क्रमानं लांब टेबलावर मांडल्या. दुपारचं ऊन खिडकीतून थेट टेबलावर पडत होतं. पाणी चमकत होतं. ती पहिली बाटली उचलणार, तोच तिचा हात थांबला.

वरच्या थरांच्या बाटल्यांत पाणी कुठं गळ्यापर्यंत, कुठं पोटापर्यंत, कुठं तळाशी चार बोटं. तळच्या थरांच्याही तशाच. असंच असायला हवं होतं. ज्या माणसाला आपली बोटं जाणवत नाहीत, तो काय पातळी बघून ओतणार? पण मधल्या खोक्यातल्या बाटल्या सरळ रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांत पाणी खांद्याच्या वळणापर्यंत. एक केसभर वर नाही, एक केसभर खाली नाही. यंत्रासाठी सगळ्यांतून सारखंच थोडं पाणी काढलेलं, म्हणून ती रांग अजून तशीच राहिली होती.

हे काम पठारावर झालेलं नव्हतं. हे एखाद्या स्थिर हातानं, भिंगातून बघून, ड्रॉपरनं केलेलं काम होतं. असा हात तिच्या ओळखीत एकच होता, आणि तो तिच्याच घरी राहत होता.

संस्थेची थंड खोली मध्यंतरी बिघडली होती. खोकी इकडं तिकडं हलवावी लागली, आणि दुसऱ्या विभागाच्या फ्रीजरमध्ये जागा संपल्यावर हे मधलं खोकं ती सरळ घरी घेऊन गेली होती. नियम तसा नव्हता. तिनं कुणाला विचारलंही नव्हतं. नियम इतरांसाठी असतात अशी तिची एक समजूत होती. स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रीजरमध्ये, मटाराच्या पिशव्यांशेजारी, तिनं ते खोकं ठेवलं आणि झाकणावर चिठ्ठी डकवली: हात लावू नये. तशी ती चिठ्ठी घरात एकटी नव्हती. गॅसवर होती, गिझरवर होती, तिच्या टेबलावर होती. वडील राहायला आल्यापासून घर म्हणजे एखादं संग्रहालय झालं होतं.

वडील घड्याळजी. दुकान बंद करून ते तिच्याकडे आले, तेव्हा हत्यारांची पेटी घेऊनच आले. ती म्हणाली होती, "आता हे बंद. डोळे जातील. आणि लोक काय म्हणतील, मुलगी नीट सांभाळत नाही?" वडिलांनी मान डोलावली होती. पेटी कुठं ठेवली, हे तिनं कधी विचारलं नाही. संध्याकाळी ती घरी यायची, किल्ली लावायची, आणि नेमका त्याच वेळी आतून एखादा खण बंद झाल्याचा आवाज यायचा. चमचे-सुऱ्यांचा खण असेल, असं ती समजायची.

त्या दिवशी ती लवकर निघाली. एक बाटली पर्समध्ये घेतली होती. घराच्या दारात किल्ली लावली आणि आतून खण बंद झाल्याचा आवाज आला. या वेळी तो तिनं नीट ऐकला.

वडील स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. टेबल पुसलेलं, हात मांडीवर. तिनं बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

"बाबा, या बाटल्या तुम्ही उघडल्या होत्या?"

"नाही गं."

"बाबा."

ते उठून उभे राहिले. शाळेत मास्तरांसमोर मुलं राहतात तसे, हात बाजूला सरळ सोडून. ऐंशीच्या घरातला माणूस आपल्याच मुलीसमोर असा उभा राहिलेला बघून तिला बसा म्हणायचं होतं, पण तेवढ्यात ते बोलू लागले.

"रागावू नकोस," ते म्हणाले. "शेजारच्या वहिनींचं भिंतीवरचं घड्याळ होतं. त्यांनीच आणून दिलं, मी मागितलं नव्हतं. इथं टेबलापाशी उजेड बरा पडतो, पण दिव्याची वायर लावायला जागा नव्हती. म्हणून फ्रीजरची वायर काढून तिथं दिवा लावला. नंतर परत लावायची विसरलो. दुसऱ्या दिवशी तू गेल्यावर बघतो तर खाली पाणीच पाणी."

"मग?"

"झाकण उघडलं. मटार मऊ पडलेले, खोक्याच्या तळाशी पाणी. बाटल्या बघितल्या तर कुठलीत अर्धं, कुठलीत चतकोर. मला वाटलं, झालं, सगळ्या गळल्या. हिनं एवढ्या लांबून जीव धोक्यात घालून आणलेलं, आणि मी..." ते थांबले. "मग मी सगळ्या सारख्या केल्या. पाणी उकळून गार केलं होतं हो, असंच नाही ओतलं. एक थेंब इकडं तिकडं नाही."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांच्या आवाजात कामाचा जरासा अभिमान आला, आणि तिला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"ते पाणी मटाराचं होतं, बाबा," ती म्हणाली. "फ्रीजरच्या कडांना साचलेल्या बर्फाचं. बाटल्यांची झाकणं घट्ट होती. त्या पहिल्यापासूनच कमीजास्त होत्या. मीच तशा भरल्या होत्या."

"पण वितळल्या ना?"

"वितळून काही होत नाही. झाकण घट्ट असलं की झालं. परत गोठवल्या असत्या तरी पाणी तेच राहिलं असतं."

वडिलांचा जीव भांड्यात पडला. ते हसलेसुद्धा. "म्हणजे माझ्या हातून काही बिघडलं नव्हतं?"

मग त्यांचं त्यांनाच उमगलं. जेवताना ऐकलेलं सगळं त्यांच्या लक्षात होतं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"नळाचं पाणी जड असणार," ते म्हणाले. "आपल्याकडं थंडी कुठं आहे तेवढी. म्हणजे बिघडलं ते मी भरल्यामुळे."

"आधी किती होतं ते आठवतं का? प्रत्येक बाटलीत? तेवढं कळलं तर तुमचं पाणी वजा करता येईल."

ते डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. ओठ हलत होते. मग डोळे उघडले तेव्हा ते भरले होते. "नाही गं. मला त्या सारख्या करायची एवढी घाई होती, कमी किती होतं ते बघितलंच नाही."

"असू दे."

"एवढं सगळं माझ्यामुळे..."

"असू दे म्हटलं ना!" तिचा आवाज चढला, आणि वडील अर्धं पाऊल मागं सरकले. अगदी थोडंसं. खुर्चीला पाय लागून खुर्ची करकरली म्हणून कळलं.

ती हळू आवाजात म्हणाली, "तेव्हाच मला सांगितलं का नाहीत?"

वडिलांनी तिच्याकडं बघितलं. उत्तर त्यांना इतकं सोपं वाटत असावं, की प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तू ओरडली असतीस," ते म्हणाले.

ती ओरडलीच असती. लहान असताना त्यांच्या दुकानात तिनं काय काय उद्योग केले होते. स्प्रिंगा उडवल्या होत्या, गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा काटा वाकवला होता, इवले स्क्रू फरशीच्या फटीत घालवले होते. प्रत्येक वेळी ती धावत त्यांच्याकडेच सांगायला गेली होती. दुसरीकडे कुठं जावं, असं मनातही आलं नव्हतं.

बैठकीच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. हातात एकच ओळ लिहिलेला कागद होता: मधले नमुने दूषित, कारण अज्ञात. एवढ्यावर भागलं असतं. भाषण पुढं ढकललं गेलं असतं, चार लोक हळहळले असते, आणि घरचं घरात राहिलं असतं. रात्रभर तिला हीच ओळ शहाणपणाची वाटली होती. कागद तिनं घडी घालून मुठीत धरला होता.

मोठे सर आले, बसले. त्यांना बाटल्यांचं काहीच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "हे जाडीचं कोडं फार ताणायला नको. मधल्या आकड्यांपुढं 'यंत्रातला दोष' अशी टीप टाकू आणि मोकळे होऊ."

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गुणगुण्या बसला होता. खिशातलं पेन काढून त्याचं टोपण लावत बसला. ते आधीच लावलेलं होतं.

"यंत्रात दोष नाही, सर," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "ते आकडे बरोबर आहेत. पाणी चुकीचं आहे. थंड खोली बिघडली तेव्हा ते खोकं मी घरी नेलं होतं. कुणाला न विचारता. तिथं बाटल्यांत नळाचं पाणी भरलं गेलं."

"भरलं गेलं म्हणजे? कुणी भरलं?"

"वडिलांनी."

आधी कुणाला कळलंच नाही. मग एक जण हसला, मग दुसरा. मोठ्या सरांच्या मिशीतही हसू फुटलं. म्हाताऱ्या माणसाचा घोटाळा, यापेक्षा सोपी सुटका ती कुठली? आता तिनंही हसून मान हलवली असती, तर सगळ्यांनी मिळून वडिलांना माफ करून टाकलं असतं आणि तिलाही.

"त्यांना वाटलं बाटल्या गळल्या," ती म्हणाली. "मला घाबरून भरल्या त्यांनी."

हसू विरलं. खोलीतलं कुणीच तिच्याकडं बघेना. आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं ते एका साध्या गोष्टीनं: हे ऐकून कुणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं. लिफ्टमधली माणसं जशी चपलांकडे बघायची, तसेच हे सगळे टेबलाकडे बघत होते.

ती गुणगुण्याकडे वळली. "मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते. चूक माझी होती. तुमचं काम चोख होतं. मला माफ करा."

"ठीक आहे, मॅडम," तो घाईघाईनं म्हणाला. "होतं असं." त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. माफी मागितल्यानंही तो तितकाच कानकोंडा झाला होता.

पुढचं सगळं व्हायचं तसं झालं. परिषदेच्या यादीतून तिचं नाव निघालं. तिला लेखी जाब द्यावा लागला, तो तिनं दिला. आलेखाच्या मधोमध कोरी जागा सोडली गेली; वरची वर्षं आहेत, खालची आहेत, मधली नाहीत. त्या पठारावर तेव्हा थंडी कशी होती हे आता त्या खड्ड्यातून कधीच कळणार नव्हतं, आणि पुन्हा तिथं जायची संधी तिला मिळेल असंही दिसत नव्हतं. तिला वाईट वाटलंच. पण रात्री डोळ्यांसमोर आलेख यायचा नाही. वडिलांचं ते मागं सरकलेलं अर्धं पाऊल यायचं.

घरातल्या चिठ्ठ्या तिनं एका सकाळी काढून टाकल्या. वडिलांना सांगितलं, हत्यारं बाहेर काढा, टेबलावर मांडा, वाटेल तेवढी घड्याळं आणा. त्यांच्यासाठी लांब वायरीचा दिवा आणला, तो टेबलाजवळ वेगळ्या जागी लावून दिला. वडील म्हणाले, "बरं, बरं." शेजारच्या वहिनींनी दुसरं घड्याळही आणून दिलं. आवाज चढू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं आणि बऱ्यापैकी पाळलंही. वडील मात्र अजून विचारायचे, "फ्रीज उघडू का?"

संस्थेत यंत्राच्या खोलीकडे जाणारा बोळ लांब आहे. एका दुपारी त्या बोळात शिरताना तिला घरघरीवर बसलेला तो सूर ऐकू आला. गुणगुण्या पुन्हा गायला लागला होता. तिला इतकं बरं वाटलं, की ती भरभर चालू लागली. तिच्या चपला वाजल्या आणि सूर तुटला. ती दारात पोचेपर्यंत तो पडद्यावरच्या आकड्यांत डोकं घालून बसला होता.

"चालू द्या ना," ती म्हणाली.

"झालंच होतं, मॅडम," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी घरी जाताना तिनं वडिलांसाठी नवं भिंग घेतलं. लिफ्टमधून उतरून दाराशी आली. आत दिवा लागलेला होता, दाराखालच्या फटीतून उजेड येत होता, आणि बारीक टिकटिक ऐकू येत होती; एक नाही, दोन-तीन घड्याळं एकदम. वडील स्वतःशीच काहीतरी बोलत होते, खुशीत, काम मनासारखं चाललं की बोलायचे तसे. किती वर्षांत तिनं तो आवाज ऐकला नव्हता. तिनं पर्समधून किल्ली काढली आणि कुलुपात घातली.

आत बोलणं थांबलं. खुर्ची सरकली. मग घाईघाईनं खण बंद झाल्याचा आवाज आला.

किल्ली तशीच कुलुपात धरून ती दाराबाहेर उभी राहिली. ती फिरवायचा तिला धीर होईना.